मांडीच्या पट्ट्याची तक्रार

“दोऱ्याचा रंग जुळत नाही,” फोनवरचा माणूस म्हणाला. “तुमची शिवण काळी, ही मात्र राखाडी दिसते. काळ्या दोऱ्याचं एक रीळ पाठवून द्या.”

सूनबाईने कानावरचा हेडफोन नीट केला. “ही म्हणजे कोणती शिवण, सर?”

“मांडीच्या पट्ट्याची. उसवली होती. आमच्या इथल्या बॅगवाल्याकडून मारून घेतली. हात चांगला आहे त्याचा. फक्त रंग गंडला.”

या घरात पॅराशूट शिवत नसत. पॅराशूट ज्यात घडी होऊन बसतं तो पाठीवरचा पॅक, आणि तो पॅक माणसाला धरून ठेवणारे पट्टे, एवढंच शिवत. खाली मशिनी, वर बिऱ्हाड, आणि जिन्याखाली तक्रारींचा फोन. मांडीचे पट्टे म्हणजे काय चीज आहे, हे सूनबाईला लग्न होऊन आल्याआल्याच कळलं होतं. उडी मारली, वर पॅराशूट उघडलं, की सगळा देह त्या दोन पट्ट्यांवर बसतो. त्यातला एक सुटला की माणूस फाटक्या पिशवीतल्या बटाट्यासारखा खाली. बॅगवाल्याच्या टाक्यावर शाळेचं दप्तर निभतं. आभाळातून येणारं माणूस निभत नाही.

सूनबाईचा आवाज मुळात गोड. त्यात तिने गोड बोलायचं रीतसर शिक्षण घेतलेलं. ग्राहकाला आधी धीर द्यावा, मुद्द्यावर मग यावं, असं त्या वर्गात शिकवतात.

“तुमची अडचण माझ्या लक्षात आली, सर,” ती म्हणाली. “पण या शिवणीची खात्री आम्हाला देता येणार नाही. पॅक आमच्याकडे आणा, आम्ही पट्टा बदलून देऊ. तोवर उडी मारू नका.”

“आणतो की. उद्याचं झालं की आणतो.”

“उद्या काय आहे?”

“सकाळी उडी आहे. पोरगी पहिल्यांदा बघायला येतेय.”

“सर, उद्या नका मारू. जिवाशी खेळ आहे.”

“बरं, बघतो.”

“बघतो नाही, सर. नक्की सांगा.”

“अहो, बघतो म्हटलं ना. तुमच्याशी बोलून बरं वाटलं बघा. इतकं मायेनं आजकाल कोण बोलतं?”

बघतो म्हणणारा पुरुष कधी काही बघत नाही, एवढं नवऱ्याच्या संसारात सूनबाई शिकली होती. तिने क्लबचं नाव विचारलं. तिथल्या पॅक तपासणाऱ्याच्या कानावर घातलं असतं, तर त्याने याला विमानातच चढू दिलं नसतं. तो हसला. क्लब कशाला, म्हणाला, विमान मित्राचंच आहे.

म्हणजे अडवणारं कोणीच नाही.

सूनबाईने हेडफोन काढून हातात दाबून धरला. समोर सासूबाई कापलेले पट्टे बोटांनी चाचपत उभ्या होत्या. कारखाना त्यांचा, पण फोन त्यांच्या हाती जाऊ द्यायचा नाही, हे घरात सगळ्यांच्या मताने ठरलेलं. त्यांच्या जिभेला लगाम नव्हता. त्या साधं हॅलो म्हणाल्या तरी समोरच्याला आपण काहीतरी चोरलंय असं वाटे.

“आई, हा ऐकतच नाही,” सूनबाई म्हणाली. “बॅगवाल्याची शिवण मारलीय मांडीच्या पट्ट्यावर, आणि उद्या उडी मारतोय.”

सासूबाईंनी फोनचा स्पीकर चालू केला, हेडफोन घेतला आणि कानाला न लावता तोंडासमोर धरला.

“कोण बोलतंय?”

“मी तुमचा जुना ग्राहक.”

“जुनेच असणार. नव्याला एवढी अक्कल नसते, पॅराशूटचा पट्टा बॅगवाल्याकडे न्यायची.”

“बाई, नीट बोला.”

“नीटच बोलतेय. शिवण उसवली ती तुमच्या पोटापायी. आम्ही माणसासाठी शिवतो, पोत्यासाठी नाही.”

सूनबाईने डोळे मिटले. ही शिवण पोटाने उसवत नाही. पॅक जमिनीवर फरफटवला, उन्हात टाकला, की उसवते. हे सासूबाईंइतकं कोणाला ठाऊक होतं?

“तुमचा माल कच्चा आहे, माल,” पलीकडचा आवाज चढला. “आणि वर मलाच बोलता?”

“कच्चा आहे तर दाखवा ना. फोनवर काय, कोणीही मिशीला पीळ देतं. तोंडावर येऊन बोलायची वेळ आली की सगळ्यांना कामं निघतात.”

यावर तो जे बोलला ते ऐकून शिलाईवाल्यांनी मशिनी थांबवल्या. सासूबाईंनी मात्र खिचडीत मीठ बरोबर पडलंय की नाही हे बघावं तसं शांतपणे ऐकून घेतलं. मग हेडफोन सुनेच्या हातात दिला आणि पुन्हा पट्टे चाचपायला लागल्या.

सूनबाईने तो घाईघाईने कानाला लावला. “सर, माफ करा, सर.” पलीकडून शेवटचं एक वाक्य आलं आणि फोन आपटला गेला.

सूनबाईला राहवेना.

“काय केलंत हे, आई? चांगला शांत केला होता मी त्याला.”

“हो. शांतपणे उद्या विमानात बसला असता.” सासूबाईंनी मान वर केली नाही. “काय म्हणाला शेवटी?”

“काय म्हणणार? हा पॅक आत्ताच्या आत्ता गाडीत टाकतो, म्हणाला. आणि अंधार पडायच्या आत त्या बाईच्या टेबलावर आणून आपटतो.”

“मग टेबल रिकामं कर,” सासूबाई म्हणाल्या, “आणि उसवायची कात्री काढून ठेव.”