पुलाखाली उभा राहिलेला इंजिनिअर

लिसान्द्रो उर्रेगो तिसऱ्यांदा खुर्चीवरून उठले. "आन्सेल्मो, आज मी चौकात सगळं सांगून टाकणार."

"सगळं म्हणजे?" म्हाताऱ्या ट्रकवाल्याने आरशाला कागदी फुलं बांधता बांधता विचारलं. ड्रायव्हरांची राखण करणाऱ्या कार्मेनच्या देवीचा सण होता. गावातले झाडून सारे ड्रायव्हर गाड्या सजवून पाद्रीबाबांचा आशीर्वाद घ्यायला निघाले होते. हॉर्न नुसते बोंबलत होते.

"पुलाचं रे! तीस वर्षांपूर्वीचं."

याच सणाला उद्घाटन ठरलं होतं. काँक्रीट पक्कं व्हायला अठ्ठावीस दिवस हवे होते, मिळाले एकोणीस. गव्हर्नर ऐकेनात. त्यात रिवाज असा, की कॉफीच्या गोण्यांनी भरलेले ट्रक वरून जाताना पूल बांधणाऱ्याने खाली उभं राहायचं. लिसान्द्रोंची पाचावर धारण बसली. ट्रक भरण्याचं काम आन्सेल्मोकडे होतं. त्याला त्यांनी गुपचूप सांगितलं, गोण्यांत कॉफीऐवजी कॉफीची हलकी टरफलं भर. ट्रक गेले, पूल तसूभर हलला नाही, गावाने इंजिनिअरला खांद्यावर घेतलं. त्या एका दिवसाच्या जोरावर ते नगराध्यक्ष झाले, सेनेटर झाले, मंत्री झाले. सोमवारी राजदूत म्हणून व्हिएन्नाला निघायचं होतं.

"त्याच चाचणीच्या भरवशावर आता कोळशाचे दुप्पट वजनाचे ट्रक सोडणार आहेत. माणसं मरतील रे! खड्ड्यात गेली ती व्हिएन्ना."

"बसा हो साहेब. गुळाचं पाणी घ्या."

"बसवत नाही मला. तीस वर्षं तू तोंड उघडलं नाहीस. तुझे उपकार कसे फेडू?"

आन्सेल्मोने फुलं खाली ठेवली. "माझा धाकटा भाऊ आठवतो? एफ्राईन?"

"पुलाच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यात... दरड कोसळली होती त्याच्यावर."

"मी तुमचे पाय धरले होते. म्हटलं, दोन तास काम थांबवा, पोराला बाहेर काढू द्या. तुम्ही म्हणालात, सणाची तारीख चुकेल. वरून काँक्रीट ओतलंत."

लिसान्द्रोंची मान खाली गेली. "तरी तू माझी लाज राखलीस."

"चौकात काही सांगू नका. पूल पक्का आहे. मी टरफलं भरलीच नव्हती. गोण्यांत नदीतले गोटे भरले होते. कॉफीच्या दुप्पट वजन."

"अरे, वेडा का तू? खाली मी उभा होतो!"

"हो," आन्सेल्मो म्हणाला. "म्हणूनच."