न दुखणारी जागा

"दोनशे अठ्ठेचाळीस."

वेल्डरने साखर तपासायचं यंत्र खिडकीपाशी नेलं, चष्मा कपाळावर चढवला आणि पुन्हा वाचलं. आकडा हलायला तयार नव्हता. पलंगाच्या कडेला त्याची बायको टोचलेलं बोट चोखत बसली होती.

"रात्री काय खाल्लंस?"

"तुमच्यासमोर जेवले तेच."

"मग यंत्राचं काय वैर आहे तुझ्याशी?"

गेले दोन महिने रोजची सकाळ अशीच उजाडत होती. रात्रीचं इन्सुलिन चौदा युनिटवर सुरू झालं होतं. सकाळची साखर चढीच येते म्हटल्यावर डॉक्टर दोन-दोन युनिट वाढवत गेले आणि आता तीसवर पोचले होते. पालथ्या घड्यावर पाणी. औषध वाढत होतं आणि साखर त्याच्यापुढे चार पावलं पळत होती.

बायको रफूचं काम करायची. फाटलेल्या कोटाची जागा नंतर मालकालाही सापडू नये, असा तिचा हात. आता तिला धागे एकमेकांत मिसळलेले दिसत. साखर अशीच राहिली तर आहे ती नजरही जाईल, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. इन्सुलिनच्या पेनावरचे आकडेही तिला दिसेनात, म्हणून टोचायचं काम नवऱ्याकडे आलं.

नवरा दिवसभर ठिणग्यांत उभा राहणारा गडी. पण ती नखाएवढी सुई पाहिली की त्याच्या तोंडचं पाणी पळायचं. सुरुवातीला त्याने दंडात टोचलं, मांडीत टोचलं. ती कळवळली की हाच घामाघूम. मग एकदा बेंबीच्या डावीकडे टोचलं, तर ती हूं की चूं करेना. "इथं नाही दुखत," ती म्हणाली. वेल्डरने ती जागा पक्की धरली. रोज तीच. उगाच कशाला बाईमाणसाला दुखवायचं?

औषध बरोबर, हात बरोबर, म्हणजे चोर घरातच असणार. त्याने आपल्या वेल्डिंगच्या दुकानातून पट्टी आणून स्वयंपाकघराच्या लोखंडी कपाटाला कडी जोडली आणि कुलूप घातलं. मुलीला हे फोनवर कळलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आईला सरळ गजाआडच घाला ना. गज घरचेच आहेत."

तो हसला नाही. कुलूप लागूनही आकडा उतरला नव्हता. मग त्याने तिचा रफूचा डबा उपसून पाहिला. उशीचा अभ्रा झटकून पाहिला. रात्री अंथरुणावर टेकताना तिने हळूच विचारलं, "अहो, मी झोपेत चालते का? मला आठवत नसेल, पण खात असेन. खोलीला बाहेरून कडी लावा."

त्याने कडी लावली नाही. पण त्याला झोपही लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सिस्टरने आकडे पाहिले आणि विचारलं, "काका, टोचता कुठे?"

"इथं." वेल्डरने न बघता जागा दाखवली. आवाजात जरा ऐट होती. "तिला इथं अजिबात दुखत नाही."

सिस्टरने बायकोला आडवं केलं, पोट दाबलं आणि मग वेल्डरचंच बोट धरून तिथे टेकवलं. कातडीखाली रबरासारखं काहीतरी होतं. चपटं, लिंबाएवढं.

"रोज एकाच जागी टोचून झालेली गाठ आहे ही. औषध इथंच अडकून बसतं, पुढे जातच नाही नीट."

"म्हणजे ही... खात नव्हती?"

"काकू उपाशी झोपल्या असत्या तरी सकाळी साखर चढलेलीच दिसली असती."

वेल्डरने बायकोकडे बघायचं टाळलं. "आजपासून मांडीत देतो," तो घाईने म्हणाला.

"थांबा! तीसच्या तीस मांडीत गेलं तर पुरतं लागू होईल. रात्रीत साखर इतकी उतरेल की सकाळी काकू उठायच्या नाहीत."

परवाच रागाच्या भरात वेल्डरने सुई मांडीला लावली होती. ती दचकली, म्हणून पुन्हा पोटाकडे वळवली होती.

डॉक्टरांनी डोस अठरावर आणला. रोज जागा बदलायची, आज मध्यरात्री उठून साखर तपासायची, उशाशी साखरपाणी ठेवायचं, असं दोनदा सांगितलं.

रात्री वेल्डरने पेनावरचा अठराचा आकडा तीनदा वाचला. मांडीची कातडी चिमटीत धरली. आत कुठे गाठ नाही ना, हे चाचपलं. सुई गेली आणि बायको ओरडली, "आई गं!"

"लागलं? काढू?"

"काढू नका. दहापर्यंत मोजा."

तो मोजत राहिला. दहा झाल्यावर त्याने सुई काढली आणि तिच्या पायाशी खालीच बसला.

"तिथं दुखत नव्हतं ना तुला," तो म्हणाला. "मला वाटलं, तेवढं तरी आपल्या हातून बरं होतंय."

तिने अंदाजाने हात पुढे केला. तो त्याच्या डोक्याला लागला.

"सुरुवातीला तिथंही दुखायचं हो," ती म्हणाली. "तुमचा हात इतका थरथरायचा, म्हणून मी दुखत नाही म्हणाले."