पाचवी जागा

सिब्रेन विशीही न गाठता गेला. वल्हवण्याच्या क्लबच्या रीतीप्रमाणे त्याची जागा कुणाला दिली नाही. आठ वल्ह्यांची होडी सात जणांनीच डेल्फ्टच्या कालव्यात उतरवली. पाचवी जागा रिकामी होती आणि त्याचं वल्हं छातीशी धरून त्याची आई काठावर उभी होती.

उजवीकडे चार वल्ही, डावीकडे तीन. होडी डावीकडे ओढ घेणार, म्हणून सुकाणूवर बसलेल्या वीत्स्केने सुकाणूची दोरी आधीच घट्ट धरली होती.

पहिल्यापासूनच तिला दोन आवाज ऐकू येत होते. सगळी पाती एकदम पाण्यात पडत, आणि त्यांच्या मागून एक पातं, किंचित उशिरा.

"तीबे, झोपेतून उठून आलायस का? वेळेवर टाक की."

"वेळेवरच टाकतोय, बाई," होडीच्या दुसऱ्या टोकाकडून तीबे वैतागून म्हणाला.

तिच्याकडे तोंड करून अगदी समोर वल्हवणारा खेरबेन हळूच बोलला. "त्याचं नाहीये ते. आमच्यापैकी कुणाचंच नाहीये."

वळून मागच्या रिकाम्या जागेकडे बघायला मात्र तो तयार नव्हता.

वीत्स्केने दोरी सैल केली. मग पूर्णच सोडून दिली. होडी डावीकडच्या काठाला लागायला हवी होती. ती नाकासमोर सरळ चालली होती.

पुन्हा तो मागून येणारा आवाज आला आणि तीन वर्षं रोज सकाळी सरावात त्याच्यावर ओरडलेलं वाक्य सवयीने तिच्या तोंडातून निसटलं.

"सिब्रेन, उशीर होतोय."

पुढच्या खेपेला आवाज एकच आला.