सोमवारचा पट्टा

दर सोमवारी सकाळी घराघरांतला कमोड पोटाची तपासणी करायचा. पट्टा ज्याच्या नावाचा, तपासणी त्याच्या नावावर. म्हणून सोमवार उजाडला की पुरुषोत्तम पाध्ये आपला मनगटी पट्टा बायकोला, कांचनला, घालायला लावायचे आणि तिचा स्वतः घालायचे. वरच्या मजल्यावरचे गोगटे पुढची तपासणी ठरवता येईना म्हणून दोन तास संडासात कोंडून राहिले होते, तेव्हापासून पाध्यांनी धसकाच घेतला होता. कांचनला मात्र कधी साधं पडसं झालेलंही त्यांना आठवत नव्हती.

आज खटकन कडी पडली. आत कांचन होती.

"पुरुषोत्तम पाध्ये," भिंतीतून आवाज आला, "रक्त सापडलं आहे. दुर्बीण की कॅमेऱ्याची गोळी? निवडल्याशिवाय दार उघडणार नाही."

"अगं, काहीतरी निवड आणि बाहेर ये!" पाध्यांनी दार ठोठावलं.

"काहीतरी कसं निवडू? गोळीत नुसतं दिसतं. दुर्बिणीने गाठ असली तर तिथल्या तिथे काढता येते. पण तुम्हाला साधं इंजेक्शन सोसत नाही. गोळीच सांगते. घाबरू नका हो, मी आहे ना."

पाध्ये तिच्याआधीच जाऊन आले होते; त्यांच्या मनगटावर तिच्या पट्ट्याचा हिरवा दिवा लागला होता. 'कांचन पाध्ये, दोष नाही.'

आतला नळ बंद झाला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "पण बसले तर मी होते."