भुईआवळ्याचा रस

वसुंधराच्या प्रयोगात भुईआवळ्याचा अर्क पाजलेल्या उंदरांची यकृतं औषधाच्या माऱ्यातूनही वाचली, हे तिच्या वडिलांनी, देवरावांनी, कॉलनीतल्या साऱ्या सेक्टर सहामध्ये सांगून टाकलं होतं. पुढे त्यांना टीबी झाला आणि त्याच्या गोळ्यांनी त्यांचेच डोळे पिवळे झाले. त्यांनी क्वार्टरमागचा भुईआवळा मुळासकट उपटून तिच्यापुढे ठेवला.

"गोळ्या बंद. उंदरायले देल्ला तोच रस मले दे."

"नाही देत, बाबा."

"कावून? सोताच्या कामावर भरोसा नाही तुले?"

"आहे. म्हणूनच सांगून राहिली. उंदरायले टीबी नव्हता. आन् माणसाले रस किती द्यायचा, ते मले अजून शोधायचं आहे. चला, स्कूटरवर बसा."

देवराव तोंड फुगवून मागे बसले. डॉक्टरांनी त्या गोळ्या थांबवल्या आणि तपासण्या करून दुसऱ्या सुरू केल्या. हळूहळू डोळे निवळले, पुढे खोकलाही गेला.

एकदा कावीळ झालेला शेजारी रस मागायला दारात आला. देवराव छाती काढून म्हणाले, "पयले दवाखान्यात जा. माह्या पोरीनं सख्ख्या बापाले नाही देल्ला!"