दुसऱ्या टोळीचे तोबरे

खोकं हलकं लागलं, म्हणून तेजराम थबकला.

उद्या शेवटची तपासणी आणि परवा डॉक्टरसाहेबांची जीप नागपूरला जायची होती. त्यामुळे स्टोअरमधलं जास्तीचं सामान व्हरांड्यात आणून ठेवायला त्यांनी सांगितलं होतं. बाकीची खोकी उचलायला दोन माणसं लागली. हे एका हातात आलं. फळीवर देवनागरीत लिहिलं होतं : टोळी दुसरी. तपासणी पूर्ण झाल्यावर वाटणे. खाली दीड वर्षापूर्वीची तारीख.

तेजराम चौथी शिकलेला होता. त्याने ते दोनदा वाचलं, मग फळीचा खिळा उचकटला. आत कागदात गुंडाळलेले तोबरे होते. नाकातोंडावर बांधायच्या रबरी मास्कला शेडमधले सगळे तोबराच म्हणत. त्याने मोजले. सव्वीस. दुसऱ्या टोळीत त्याला धरून माणसंही सव्वीसच होती, आणि त्या टोळीचा मुकादम तो होता.

भिलाईत तेव्हा नव्या कोकभट्ट्या उभ्या राहत होत्या. भट्टीला आतून लावायच्या विटा ठेकेदाराच्या शेडमध्ये कापत, घासत, आणि दोन टोळ्या दिवसभर त्या पांढऱ्या धुळीत उभ्या असत. डॉक्टर अरुणकुमार त्या धुळीचाच अभ्यास करायला आले होते. पहिल्या टोळीला त्यांनी आल्या आल्या तोबरे वाटले. तुमचे पुढच्या खेपेला येतील, असं दुसऱ्या टोळीला सांगितलं. तेजरामने ते खरं मानलं. इथे हिंदीत हुकूम सोडणारे साहेब पुष्कळ होते, मराठीत चौकशी करणारा हा एकच. सेक्टर सहामधल्या क्वार्टरमधून ते सायकलवर लेबर कॅम्पात यायचे, तेजरामच्या झोपडीत मांडी घालून त्याच्या बायकोच्या, गयाबाईच्या हातची तांदळाची भाकर खायचे.

टोळीतली माणसं तिरोड्याकडची, बरीचशी सोयरीकीतली. दर महिन्याला डॉक्टरांकडे दम मोजायच्या नळीत फुंकायला जायचं म्हटलं की ती कुरकुरत. मग तेजराम त्यांना समजावी, की साहेब आपला माणूस आहे, पुढच्या खेपेले आपले तोबरे येऊन राहिले. हे त्याने एकदा नाही, अठरा महिने सांगितलं होतं.

खोकं घेऊन तो तडक डॉक्टरांच्या टेबलापाशी गेला. डॉक्टर आकडे मांडत बसले होते. त्यांनी खोक्याकडे पाहिलं, उचकटलेल्या फळीकडे पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. ते रागावले नाहीत. लहान मुलाला समजवावं तसं त्यांनी समजावलं. दोन्ही टोळ्यांना तोबरे दिले असते, तर तोबऱ्यानेच माणूस वाचतो हे कशावरून ठरवायचं? सरकारला शब्द चालत नाही, आकडा लागतो. आता आकडा हाती आला होता. पहिल्या टोळीचा दम होता तेवढाच राहिला. उद्या देशभरच्या शेडमध्ये हे तोबरे द्यावे लागतील, हजारो माणसं वाचतील.

"अन् आमची टोळी?"

"तुमच्यामुळेच तर हे सिद्ध झालं, तेजराम."

डॉक्टर हे मनापासून म्हणाले. तेजरामला ते जास्त लागलं.

त्याने हिरालालचा दम किती उतरला ते विचारलं. हिरालाल त्याचा साळा, गयाबाईचा पाठचा भाऊ. दोन महिन्यांपासून नळावरून पाण्याची बादली आणताना तो वाटेत दोनदा बसायचा. डॉक्टरांनी कागद चाळले, एक बाहेर काढला, वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला.

मग त्यांनी एक विनंती केली. उद्याची तपासणी होईपर्यंत टोळीत बोलू नका. एका दिवसाचा प्रश्न आहे, नाहीतर माणसं बिथरतील, येणार नाहीत, आणि दीड वर्षाचं काम वाया जाईल.



"तुमी माह्या घरी जेवले, साहेब," तेजराम म्हणाला, आणि खोकं खांद्यावर टाकून निघाला.

शेडमध्ये जेवणाची सुट्टी झाली होती. माणसं विटांच्या थप्प्यांना टेकून बसली होती, भुवया पांढऱ्या, ओठ पांढरे. तेजरामने खोकं मधोमध ठेवलं आणि एकेकाला नाव घेऊन बोलावलं. पहिल्या काही जणांना आनंद झाला. शालिकराम तर म्हणाला की मुकादमाने शब्द पाळला. मग कुणीतरी फळीवरची तारीख वाचली, शेजारच्याला दाखवली, आणि बोलणं हळूहळू थांबलं.

हिरालाल शेवटी आला. चार पावलं चालून त्याला धाप लागली होती. तोबरा हातात घेऊन त्याने उलटासुलटा करून पाहिला.

"हे कधी आले, भाऊजी?"

आजच आले म्हटलं असतं, तरी हिरालालने मान्य केलं असतं. तारखेचं काय, ती चुकूही शकते.

"पयल्या दिवसापासून इथंच होते."

"अन् तुमाले कधी मालूम झालं?"

"आत्ता. घंटाभर झाला."

बाकीचे कान देऊन ऐकत होते, कुणी घास उचलत नव्हतं. हिरालालने तोबरा नाकावर चढवला, पट्टा मानेमागे नेला आणि ओढून गाठ मारली. आता त्याचे नुसते डोळे दिसत होते. तेजराम त्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिला, पण आपलं ते ‘आत्ता’ हिरालालला खरं वाटलं की नाही, हे काही त्याला कळेना.