सोपा पासवर्ड

रावेरच्या केळी सोसायटीत सकाळपासून कॉम्प्युटर उघडत नव्हता. पावत्या निघेनात, बाहेर केळीने भरलेले ट्रक उन्हात तापत होते आणि मॅनेजर तोताराम महाजनांना पासवर्ड काही केल्या आठवेना. लग्नानंतर नोकरी सोडताना ऑपरेटरबाईंनी तो सांगितला होता, पण यांनी लक्ष देऊन ऐकलं असेल तर ना.

शेवटी वैतागून त्यांनी छगन शिपायाला बाईंच्या सासरी, धुळ्याला फोन लावायला सांगितलं आणि फोन लागताच रिसीव्हर स्वतः घेतला.

"बाई, तो पासवर्ड काय ठेवला होता?"

"सोपा आहे, साहेब. नुसतं माझं नाव टाका."

चार वर्षं ती त्यांच्यासमोरच्या टेबलावर बसली होती. तोतारामांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि हळूच विचारलं,


"छगन भो, या बाईचं नाव काय?"